दोन पाळ्यांच्या मध्ये

सकाळी सातच्या सुमाराला आमच्या दूध संघाच्या आवारात जे ऊन येत असे, ते कुणी थांबून पाहावे असे मुळीच नव्हते. ते आधी बॉयलरच्या धुराड्याच्या टोकावर पडे आणि बराच वेळ तिथेच रेंगाळे. मग शीतगृहाच्या पत्र्यावरून घसरत खाली येई आणि रांगेत उभ्या असलेल्या टँकरांच्या पोलादी पाठींवर पसरे. टँकर नुकतेच धुतलेले असत. त्यांच्या पोटाखालून गरम पाण्याची वाफ निघे आणि त्या वाफेत शिरलेले ऊन सायीसारखे पिवळट पांढरे होई. फरशीवरच्या पाण्यात ते पुन्हा एकदा दिसे, तिथून पॅकिंग विभागाच्या काचांवर उडे, आणि काचांवरून समोरच्या भिंतीवर त्याचा एक थरथरता चौकोन उमटे. कुणी पाण्यात पाय टाकला की भिंतीवरचा चौकोन मोडे, आणि पाऊल पुढे गेले की हळूहळू पुन्हा जुळे. हे रोज होत असे आणि रोज कुणीही पाहत नसे. त्या रविवारी मात्र मी सर्व्हरच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हा सगळा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहिला, कारण आत जायची मला भीती वाटत होती.

“उन्हात फार बसू नको, सन्मती. नासशील,” असे म्हणत आवटी अण्णांनी चहाचा कप माझ्या हातात दिला.

आवटी अण्णा आमच्या संगणक विभागातले सर्वांत जुने. संघात कागदी रजिस्टरे होती तेव्हापासूनचे. केबल ओढणे, बॅटऱ्यांना पाणी घालणे आणि माझी काळजी करणे ही तीन कामे त्यांनी स्वतःकडे घेतली होती. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो, सांगलीच्या महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेला, आणि चार माणसांसमोर बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडणारा. संघाच्या सगळ्या सर्व्हरांभोवतीची फायरवॉल माझ्या ताब्यात होती. कोणत्या यंत्राने कोणत्या यंत्राशी बोलावे आणि कोणी गप्प राहावे, हे ठरवणाऱ्या नियमांची ती यादी. एरवी ज्याला दुकानदाराशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालता येत नसे, त्या मला त्या यादीत मात्र शब्दाला शब्द देण्याची गरज नव्हती. एक ओळ लिहिली की वाट उघडे, खोडली की बंद होई, आणि का म्हणून कुणी विचारत नसे.

दोन वर्षांपूर्वीच्या पुरात कृष्णेचे पाणी आवारात शिरले होते आणि सर्व्हरची खोली चार दिवस कमरेइतक्या पाण्यात होती. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दूध येत राहिले, पण कोणाचे किती आणि किती फॅटचे, याची नोंद ठेवणारे काही उरले नाही. तेव्हा ठरले की दुसरी एक खोली पाणी कधीच पोहोचणार नाही अशा ठिकाणी करायची. आटपाडीला संघाचे शीतकरण केंद्र होते, माळावर, जिथे लोक पाण्याचीच वाट पाहतात. तिथे एक मोठे यंत्र बसवले. आमच्याकडच्या यंत्रात चार आभासी सर्व्हर चालत. म्हणजे लोखंडाची पेटी एकच, पण तिच्या आत चार वेगळे संगणक असल्यासारखे काम. त्या चारांची तंतोतंत प्रत, आम्ही तिला रेप्लिका म्हणत असू, दर पाच मिनिटांनी आटपाडीला ताजी होत राही. इकडे बुडाले तर तिकडे उठून उभे राहायचे.

त्या रविवारी याची रंगीत तालीम होती. सकाळच्या पाळीचे दूध साडेनऊपर्यंत मोजून होते आणि संध्याकाळची पाळी पाचला सुरू होते. या दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात चारही सर्व्हर इथे बंद करायचे, आटपाडीत उठवायचे, थोडा वेळ तिथून काम चालवायचे आणि पाचच्या आत परत आणायचे. आमचे महाव्यवस्थापक जयकर साळुंखे साहेब यांनी अट स्पष्ट घातली होती. जाऊन परत आले, तर आटपाडीची खोली आपल्याच माणसांकडे राहील. नाही आले, तर ते काम पुण्याच्या एका कंपनीला द्यायचे. तिचा प्रस्ताव त्यांच्या टेबलावर पडून होता. आणि आटपाडीच्या खोलीत आपले माणूस म्हणजे एकच होते, यास्मिन मुलाणी. कंत्राटावर होती. कंपनी आली की महिनाअखेरीस तिची नोकरी जाणार, हे तिला, मला, अण्णांना आणि साहेबांनाही ठाऊक होते.

यास्मिनला मी तोवर दोनदाच पाहिले होते. ओळख होती ती आवाजाची. विट्याच्या तंत्रनिकेतनातला पदविकेचा कोर्स करून ती लागली होती. आठ महिने रोज सकाळी तिचा फोन येई. आधी यंत्राचे तापमान सांगे, मग आटपाडीचे, आणि दोन्हींतला फरक सांगून स्वतःच हसे. तिच्या खोलीच्या खिडकीबाहेर डाळिंबाची बाग होती, आणि मधमाश्या चुकून आत येऊन यंत्राच्या पंख्यापाशी घोटाळत, त्यांना ती कागदाच्या पुठ्ठ्यावर बसवून बाहेर नेऊन सोडी. हे सगळे ती मला सांगे आणि मी ‘हं’ म्हणे. माझ्या ‘हं’चे तिने प्रकार पाडले होते, असे अण्णा सांगत. कोणत्या ‘हं’चा अर्थ ‘पुढे बोल’ आणि कोणत्याचा ‘आता ठेव’, हे तिला बरोबर कळे.

साडेनऊला शेवटच्या केंद्राची नोंद आली. मी एकेक सर्व्हर बंद केला. अखेरचे बदल आटपाडीला पोहोचल्याची खूण दिसली आणि पलीकडे यास्मिनने चारही सर्व्हर उठवले. सव्वादहाला तिने फोनवर सांगितले की सगळे जागे झाले आहेत आणि कुणी कुरकूर केलेली नाही. अण्णांनी खालच्या विभागातून श्रीखंडाचा डबा मागवला. साळुंखे साहेब आले, चमचाभर श्रीखंड खाऊन म्हणाले की अर्धे काम झाले, अर्धे राहिले, आणि उरलेला डबा झाकून ठेवायला सांगितले. सर्वजण हसले. मीही हसलो. इतका हलका मी त्या खोलीत कधी झालो नव्हतो.

अकराला परतीचे काम सुरू करायचे होते. आता आटपाडी पाठवणार आणि आम्ही घेणार. यास्मिनने आज्ञा दिली आणि तिच्या पडद्यावर तांबडी ओळ आली, की मुख्य केंद्राशी संपर्क होत नाही. तिने पुन्हा दिली, पुन्हा तीच ओळ.

जाण्याची चाचणी आम्ही चार वेळा घेतली होती. परत येण्याची कधीच घेतली नव्हती, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आले.

तांबडी ओळ आटपाडीच्या पडद्यावर होती, त्यामुळे बिघाड आटपाडीला आहे असे सगळ्यांनी धरून चालणे स्वाभाविक होते. मी तिला यंत्राचे घड्याळ तपासायला सांगितले. ते बरोबर होते. दोन्ही यंत्रांनी एकमेकांना ओळखण्यासाठी दिलेली प्रमाणपत्रे तपासायला सांगितली. त्यांची मुदत अजून दीड वर्ष होती. केबल काढून लावायला सांगितली. तिने काढली, पुसली, लावली. तिच्या फायरवॉलचे नियम मी तिच्याकडून एकेक करून मोठ्याने वाचून घेतले आणि ती शाळेतल्या कवितेसारखे न अडखळता वाचत गेली. प्रत्येक वेळी मी ‘हं’ म्हटले.

बाराला तिने माझ्या मोबाइलवर फोन केला. खोलीतल्या फोनवर केला नाही.

“सर, राग मानू नका. तुमच्या मशीनवर आमच्याकडून आत यायचा नियम आहे न्हवं?”

“आहे,” मी म्हणालो.

इतक्या चटकन मी एरवी कशाचेच उत्तर देत नसे. ती म्हणाली, बरं, मग ती तिकडचे पुन्हा एकदा पाहते.

जेवणाची वेळ झाली. अण्णांनी डबा उघडून माझ्यापुढे ठेवला आणि पाच मिनिटांनी तसाच झाकला. दीडला साळुंखे साहेब खुर्ची ओढून खोलीतच बसले. ते रागावणारे गृहस्थ नव्हते. रागावले असते तर बरे झाले असते, कारण रागावलेल्या माणसापुढे गप्प बसता येते. ते शांतपणे विचारत, आणि त्या शांतपणाला उत्तर द्यावे लागे. त्यांनी खोलीतला फोन स्पीकरवर टाकायला लावला.

“मुलाणी, तुमच्याकडे काय बिघडलंय ते सरळ सांगा. लपवू नका.”

“साहेब, आमच्या बाजूला मला तरी काही सापडत नाही. पण मी परत बघते.”

“चौगुले, तुमच्या बाजूला?”

मी म्हणालो की माझे सगळे तपासलेले आहे. साहेबांनी मान हलवली. स्पीकरमधून पंख्याचा आवाज येत होता आणि दूर कुठेतरी बागेत पंप चालू होता. यास्मिन काही बोलली नाही. तिच्याजवळ बोलण्यासारखे होते, हे मला माहीत होते. मला ते अकरा वाजून पाच मिनिटांनीच माहीत झाले होते, आणि तेव्हापासून मी घड्याळ, केबल आणि प्रमाणपत्रे तपासत होतो.

अडीच वाजले. तीन वाजले. अण्णांनी एकदा खोकून सुचवले की पोरीने बिचारीने सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नसेल, जरा तिला उठू द्या. स्पीकरमधून तिचे उत्तर आले, “प्याले की अण्णा. आटपाडीत पाणी नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं?” साहेबसुद्धा हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. सव्वातीन झाले होते. प्रत परत यायला पाऊण तास, सर्व्हर उठायला अर्धा तास. पावणेचारच्या पुढे गेले तर तालीम फसली. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि पुण्याच्या माणसाचा नंबर शोधू लागले. नंबर सापडला तेव्हा त्यांनी स्पीकरकडे तोंड करून, अगदी सौम्यपणे, यास्मिनला सांगितले की तिने मनाला लावून घेऊ नये, हे काम एकट्या माणसाचे नव्हतेच.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “तुम्ही ठरवाल ते.”

तिच्या आवाजात एरवीचे हसू नव्हते. बाकी काहीच बदललेले नव्हते. ते हसू गेल्यावर आवाज किती साधा उरतो, हे मला पहिल्यांदा ऐकू आले.

मी कपाटातली हिरवी फाइल काढली. तिच्यात जानेवारी महिन्यात यास्मिनने पाठवलेली नियमांची यादी होती. दोन्ही केंद्रांमध्ये काय काय उघडावे लागेल, हे तिने स्वतः वाचून, शोधून लिहिले होते. नऊ ओळी होत्या. आठ ओळींसमोर माझ्या पेन्सिलीची बरोबरची खूण होती. नवव्या ओळीत लिहिले होते की परतीच्या वेळी मुख्य केंद्र घेणारे होईल, म्हणून मुख्य केंद्राच्या फायरवॉलमध्येही आटपाडीकडून आत येण्याची परवानगी आधीच द्यावी. ती ओळ मी आडवी रेघ मारून खोडली होती आणि बाजूला ‘गरज नाही’ असे लिहिले होते. खोडलेली यादी मीच स्कॅन करून तिला परत पाठवली होती. म्हणजे तीच यादी, त्याच रेघेसह, आत्ता आटपाडीत तिच्या हाताशी होती.

तिने ती साहेबांना वाचून दाखवली असती तर दहा सेकंद लागले असते.

मी खुर्चीवर बसलो आणि नियम लिहिला. आटपाडीच्या यंत्राचा पत्ता, आमच्या यंत्राचा पत्ता, एक आकडा, परवानगी. लिहायलाही तेवढाच वेळ लागला. मग फोनजवळ तोंड नेऊन म्हणालो, “यास्मिन, आता दे.”

साहेबांचा अंगठा पुण्याच्या नंबरावर तसाच थांबलेला होता.

“चाललं,” ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, “दोन टक्के. सर, चार टक्के.”

अण्णांनी टेबलावर थाप मारली, पहिल्या पाळीतले कोणी खिडकीतून डोकावले, आणि साहेबांनी मोबाइल खिशात टाकला. नेमके काय झाले होते, असे त्यांनी मला विचारले. खोलीत तेव्हा पाच-सहा माणसे जमली होती आणि स्पीकर चालूच होता. तरी मी उभा राहिलो. बसून सांगता आले नसते.

“चूक आटपाडीची नव्हती साहेब. माझी होती. आत येण्याचा एक नियम माझ्याकडून द्यायचा राहिला. विसरलो.”

इतके लांब वाक्य मी साहेबांसमोर त्यापूर्वी बोललो नव्हतो. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग मोठ्याने हसले. म्हणाले की ह्या मुलाने चार तास आमचा जीव टांगणीला लावला, पण कबूल करायला वाघासारखा उभा राहिला; विसरतो तो माणूस, न विसरते ते यंत्र, आणि आमच्याकडे दोन्ही आहेत हे बरेच झाले. लोक हसले. मलाही हसू आले आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आले. ते पाणी लोकांनी आनंदाचे मानले.

चार वाजून चाळीस मिनिटांनी चारही सर्व्हर आमच्याकडे उठले. पाचला पहिल्या गावाची नोंद आली, म्हशीचे दूध, सात दशांश दोन फॅट. अण्णांनी तो आकडा मोठ्याने वाचून दाखवला. श्रीखंडाचा डबा पुन्हा उघडला. आटपाडीची खोली राहिली. पुढच्याच महिन्यात साहेबांनी यास्मिनला कायम केले.

त्या रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला. आटपाडीचे तापमान सांगून झाले. मग म्हणाली, “विसरला होता व्हय, सर?”

“हो.”

“बरं,” ती म्हणाली आणि हसली. “असू दे. मी पण भात ठेवून विसरते.”

मग तिने फोन ठेवला. ‘हं’ म्हणायला मला वेळच मिळाला नाही.

तीन वर्षांनी विभागाच्या प्रमुखाची जागा निघाली आणि ती यास्मिनला मिळाली. मी पुण्याला आलो. चांगली संधी आली म्हणून आलो, असे मी सर्वांना सांगितले, आणि संधी चांगली होतीही. अण्णांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो तेव्हा तिची भेट झाली. मंडपाच्या बाजूला उभे राहून आम्ही पंगतीत जागा रिकामी व्हायची वाट पाहत होतो. त्या दिवशी ती यादी तिने साहेबांना का वाचून दाखवली नाही, असे मी विचारले. विचारायला सात वर्षे लागली होती. ती म्हणाली की तिने फाइल उघडून मांडीवर ठेवली होती. दोन वेळा तोंडही उघडले होते.

“मग?”

“मग काय, सर. वाचून दाखवली असती तर सर्व्हर आले असते परत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फोन तुम्हालाच करायचा होता की.”

एवढे सांगून ती पंगतीत जागा धरायला गेली आणि मला हाक मारून शेजारचे पान दाखवले. जेवताना ती अण्णांच्या जुन्या गोष्टी सांगत होती आणि मी इतका हसलो की मला ठसका लागला.

आता मी नव्याने आलेल्या मुलामुलींना शिकवतो. फायरवॉलचा तास आला की हीच गोष्ट सांगतो. विसरभोळा चौगुले, झाकलेला श्रीखंडाचा डबा, आटपाडीचे पाणी. ती हसतात, आणि परतीचा नियम कधी विसरत नाहीत. कुणी खोदून विचारलेच, तर मी सांगतो की बाहेरून आत काहीही येऊ द्यायचे नाही असे माझे तत्त्व होते आणि त्या तत्त्वापायी ती ओळ राहून गेली. हे उत्तर ऐकायला बरे वाटते. इतकी वर्षे मलाही वाटत आले.

जानेवारीतल्या त्या दुपारी मी नववी ओळ दोनदा वाचली होती. मला ती कळली नव्हती. एक फोन करून विचारता आले असते. पदविकेच्या मुलीला काय विचारायचे, म्हणून मी ती खोडली. मी विसरलो नव्हतो, आणि माझे काही तत्त्वही नव्हते. यास्मिनला ते काम माझ्यापेक्षा चांगले येत होते.